वेगवान मेमरी हरली, परवडणारी मेमरी जिंकली : आरडीरॅम आणि डीडीआरच्या स्पर्धेतून गुंतवणुकीचा धडा



एमएस-सीआयटी करताना आपण सगळ्यांनी रॅमची व्याख्या पाठ केलेली आहे. रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं आणि विषय संपला. पण गेल्या एक-दोन वर्षांत हाच शब्द वेगळ्याच ठिकाणी ऐकू येतो आहे. एआयसाठी मेमरी चिप लागतात, त्या बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्या, अमुक तंत्रज्ञान सगळ्यांना मागे टाकणार आहे, असे मेसेज पालकांच्या आणि शिक्षकांच्याही ग्रुपवर फिरत असतात.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या आपल्यापैकी अनेकांची एनपीएसची कपात होते आणि त्यातला काही भाग शेअर बाजारात जातो. कितीतरी पालकांनी मोबाइलवरच डीमॅट खातं उघडलं आहे. मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे त्यात असतात. म्हणून आज एक खरी घडलेली गोष्ट समजून घेऊ. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत दोन प्रकारच्या मेमरींमध्ये मोठी स्पर्धा झाली. एकीचं नाव आरडीरॅम, दुसरीचं डीडीआर. कोण जिंकलं हे तर पाहूच, पण त्यात गुंतवणूकदारांचं काय झालं हे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी रॅम म्हणजे काय ते समजून घेऊ

मुलांना समजावताना मी फळ्याचं उदाहरण देते. कपाटात पुस्तकं असतात, ती कायम राहतात. ती हार्ड डिस्क. फळ्यावर आपण चालू तासापुरतं लिहितो आणि तास संपला की पुसतो. तो रॅम. गणित सोडवायचं तर आकडे फळ्यावर असावे लागतात, दर वेळी कपाट उघडून चालत नाही. संगणकाचा प्रोसेसरही तसाच. त्याला लागणारी माहिती रॅममधून झटपट मिळाली पाहिजे.

१९९० च्या दशकात प्रोसेसरचा वेग भराभर वाढत होता, मेमरीचा मात्र त्या मानाने वाढत नव्हता. म्हणजे गणित सोडवणारा मुलगा हुशार, पण फळ्यावर आकडे लिहून देणारा हळू! हुशार मुलाला नुसतं बसून राहावं लागतं. ही अडचण सोडवायला अमेरिकेत १९९० मध्ये रॅम्बस नावाची कंपनी सुरू झाली. माइक फार्मवॉल्ड आणि मार्क हॉरोविट्झ हे तिचे संस्थापक. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ही कंपनी स्वतः मेमरी बनवत नव्हती. ती फक्त रचना तयार करायची. सॅमसंगसारख्या कंपन्यांनी त्या रचनेप्रमाणे चिप बनवायच्या आणि विक्रीतून रॅम्बसला रॉयल्टी द्यायची, असा तिचा व्यवसाय होता.

दोन मेमरींचं गणित

शाळेच्या पहिल्या दिवशी कार्यालयातून वर्गापर्यंत पाठ्यपुस्तकं न्यायची आहेत असं समजा. मुलं रांगेत उभी राहून हातोहात पुस्तकं पुढे देतात. एकूण किती पुस्तकं पोहोचतील हे दोन गोष्टींवर ठरतं. रांगा किती आहेत आणि प्रत्येक रांगेतले हात किती वेगाने चालतात.

त्या काळातली नेहमीची मेमरी म्हणजे एसडीरॅम. तिच्यात ६४ रांगा, म्हणजे ६४ बिट, म्हणजेच ८ बाइट एका वेळी जायचे. वेग सेकंदाला १३.३ कोटी वेळा. रॅम्बसच्या आरडीरॅममध्ये रांगा फक्त १६, म्हणजे २ बाइट. पण हात भलतेच वेगवान, सेकंदाला ८० कोटी वेळा! आणि डीडीआरने काय केलं? जुन्या ६४ रांगा तशाच ठेवल्या. फक्त हात पुढे जाताना एक पुस्तक आणि मागे येताना दुसरं, अशी युक्ती केली. त्यामुळे त्याच ठेक्यात काम दुप्पट झालं, सेकंदाला २६.६ कोटी वेळा.

आता गुणाकार करा :

- एसडीरॅम : ८ × १३.३ कोटी = सेकंदाला सुमारे १०६ कोटी बाइट
- आरडीरॅम : २ × ८० कोटी = सेकंदाला १६० कोटी बाइट
- डीडीआर : ८ × २६.६ कोटी = सेकंदाला सुमारे २१३ कोटी बाइट

जाहिरातीत ८०० हा आकडा मोठा दिसायचा आणि २६६ लहान. पण रांगांनी गुणल्यावर चित्र पालटलं. पाचवी-सहावीच्या मुलालाही हा गुणाकार येतो. (आरडीरॅमवर अन्याय नको म्हणून सांगते, पुढे पेंटियम ४ संगणकात तिचे दोन मार्ग एकत्र जोडले गेले आणि तिथे ती सेकंदाला ३२० कोटी बाइटपर्यंत पोहोचली. तेव्हा ती खरोखरच वेगवान होती.)

मग अडचण कुठे आली? एक तर पहिलं पुस्तक हातात पडायला आरडीरॅममध्ये जास्त वेळ लागायचा. दुसरं म्हणजे ती जास्त तापायची, म्हणून वरून धातूचा पत्रा लावावा लागायचा. मदरबोर्डवरची रिकामी जागा रिकामी ठेवून चालायचं नाही, तिथे एक वेगळी पट्टी बसवावी लागायची. आणि सगळ्यात मोठी अडचण किमतीची. चिप आकाराने मोठी, बनवायला अवघड, त्यावर रॉयल्टी. ग्राहकाला ती साध्या मेमरीच्या कितीतरी महाग पडायची. डीडीआर मात्र जुन्याच यंत्रांवर थोड्या फेरफाराने बनत होती. तिचं मानक जेडेक या उद्योगातल्या कंपन्यांच्या संयुक्त संस्थेने ठरवलेलं होतं, ते एकट्या कोणाच्या मालकीचं नव्हतं.

इंटेल पाठीशी उभी राहिली

१९९६ च्या अखेरीस इंटेलने रॅम्बसशी करार केला. इंटेल म्हणजे त्या काळात संगणकाच्या दुनियेतली सगळ्यात मोठी ताकद. पुढच्या संगणकांमध्ये आरडीरॅमच असेल असं इंटेलने म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? शिवाय आरडीरॅम चालणारे संगणक ठरलेल्या प्रमाणात विकले गेले, तर इंटेलला रॅम्बसचे १० लाख शेअर १० डॉलर या भावाने घेण्याचा हक्क मिळणार होता. म्हणजे शिफारस करणाऱ्याचाही त्यात फायदा होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मे १९९७ मध्ये रॅम्बसचा शेअर बाजारात आला, १२ डॉलरला. पहिल्याच दिवशी तो दुपटीच्या वर गेला. निंटेंडो ६४ या खेळाच्या यंत्रात तिची मेमरी होती, नंतर प्लेस्टेशन २ मध्येही आली. कंपनी खोटी नव्हती, तंत्रज्ञान खोटं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला वाटतं की पैसे फक्त फसव्या योजनेत बुडतात. तसं नसतं.

सप्टेंबर १९९९ मध्ये इंटेलचा ८२० हा चिपसेट येणार होता. बाजारात यायला काही दिवस उरले असताना आरडीरॅमच्या तीन जागा असलेल्या बोर्डवर चुका होताना आढळल्या आणि तो पुढे ढकलावा लागला. आरडीरॅम फार महाग म्हणून ८२० बोर्डवर स्वस्त एसडीरॅम चालावी यासाठी इंटेलने मध्ये एक दुभाषी चिप बसवली. त्या चिपमध्येच दोष निघाला आणि मे २००० मध्ये इंटेलला असे बोर्ड बदलून देण्याची घोषणा करावी लागली. दुसरीकडे एएमडीने २००० च्या अखेरीस डीडीआर चालवणारा चिपसेट आणला. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तेव्हा त्याला फक्त आरडीरॅमच चालत होती. वर्षभराने, २००१ मध्ये, इंटेलने स्वतःच एसडीरॅमवर आणि त्यापाठोपाठ डीडीआरवर चालणारा चिपसेट आणला. ज्याने पाठ थोपटली होती त्यानेच हात काढून घेतला. त्यानंतर घरच्या संगणकातून आरडीरॅम हळूहळू नाहीशी झाली.

शेअरची गोष्ट : भाकरीचे चार तुकडे

आता गुंतवणूकदारांकडे येऊ. जून २००० मध्ये रॅम्बसने शेअरचं विभाजन केलं, एकाचे चार. एका भाकरीचे चार तुकडे केले तर भाकरी वाढत नाही, हे मुलांना अपूर्णांक शिकवताना आपण रोज सांगतो. पण शेअर बाजारात मात्र 'चार मिळाले' म्हणून लोक खूश होतात! विभाजनाच्या हिशोबाने मूळचे १२ डॉलर म्हणजे आता ३ डॉलर धरायचे. आणि त्याच महिन्यात हा शेअर १०० डॉलरच्या वर गेला. तीन वर्षांत तेहतीस पटींहून जास्त.

गंमत अशी की तेव्हा आरडीरॅमच्या अडचणी सगळ्यांना दिसत होत्या. मग भाव का चढला? कारण रॅम्बसने वेगळाच दावा मांडला होता. एसडीरॅम आणि डीडीआरमध्येही आमच्या पेटंटमधल्या कल्पना वापरल्या आहेत, म्हणून त्यावरही आम्हाला रॉयल्टी द्या, असं तिचं म्हणणं होतं. जून २००० मध्ये तोशिबा आणि हिताची या जपानी कंपन्यांनी तसे करारही केले. गुंतवणूकदारांना वाटलं, आता कोणतीही मेमरी जिंको, टोलनाका रॅम्बसचाच. दोन्ही रस्त्यांवर पैसे हिलाच मिळणार. मग हरणार कशी?

इथेच गणित चुकलं. इन्फिनियन, मायक्रॉन आणि ह्युंदाई (नंतरची हायनिक्स) या कंपन्यांनी रॉयल्टी द्यायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. रॅम्बस १९९६ पर्यंत जेडेकची सभासद होती. मानक ठरत असताना तिने आपल्या पेटंटची माहिती दडवून ठेवली, असा आरोप झाला. मे २००१ मध्ये व्हर्जिनियातल्या कोर्टात निकाल रॅम्बसच्या विरोधात गेला. त्याच काळात अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटलेला होता, त्यामुळे सगळा दोष मेमरीच्या भांडणाला देता येणार नाही. पण २००२ मध्ये रॅम्बसचा भाव एक आकडी झाला. शिखरावर ज्यांनी १०० रुपये घातले, त्यांचे १० रुपयेही उरले नाहीत असं समजा.

कोर्टाचं चक्र पुढेही फिरत राहिलं. २००३ मध्ये वरच्या कोर्टाने फसवणुकीचा ठपका रद्द केला. २०१० मध्ये सॅमसंगने मोठी तडजोड केली. नोव्हेंबर २०११ मध्ये मात्र सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्यूरीने मायक्रॉन आणि हायनिक्सविरुद्धचा सुमारे ३९५ कोटी डॉलरचा दावा फेटाळला. त्या एका दिवसात शेअरने निम्म्याहून जास्त किंमत गमावली. आता विचार करा. त्या दिवशी मेमरीचा वेग कमी झाला होता का? कारखाना बंद पडला होता का? काहीच नाही. बारा लोकांनी एक निर्णय दिला, एवढंच. ज्यांनी 'तंत्रज्ञानात' गुंतवणूक केली असं समजलं होतं, त्यांनी खरं तर कोर्टाच्या निकालावर पैसे लावले होते.

मग जिंकणाऱ्यांचे पैसे झाले का?

आपल्याला वाटेल, ठीक आहे, रॅम्बसऐवजी डीडीआरवाल्यांचे शेअर घ्यायला हवे होते. इथेच या गोष्टीतला सगळ्यात मोठा धडा आहे.

डीडीआर जिंकली, पण डीडीआर कोणाची? कोणाचीच नाही, सगळ्यांची. ज्वारी सगळ्यांच्या शेतात पिकली की भाव पडतो, तसंच झालं. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एकसारखा, त्यामुळे भांडण फक्त किमतीवर. २००१ मध्ये मेमरीचे भाव इतके कोसळले की वर्षअखेरीस तोशिबाने साध्या मेमरीच्या धंद्यातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. काही कंपन्यांनी तर आपसात संगनमत करून भाव ठरवले. अमेरिकेच्या न्याय खात्याने कारवाई केल्यावर त्यांनी गुन्हा कबूल केला. इन्फिनियनला १६ कोटी, हायनिक्सला १८.५ कोटी आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला.

इन्फिनियनने आपला मेमरीचा विभाग वेगळा करून क्विमोंडा नावाची कंपनी काढली. ऑगस्ट २००६ मध्ये तिचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात १३ डॉलरला आला. ही कंपनी जिंकलेलीच मेमरी बनवत होती बरं का! जानेवारी २००९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एनईसी आणि हिताची यांनी मिळून काढलेली जपानची एल्पिडाही फेब्रुवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती विकत घेतली. आज या प्रकारच्या मेमरीचा बहुतेक बाजार सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडेच आहे. बाकीच्यांचे भागधारक वाटेत गळाले.

मग फायदा कोणाचा झाला? तुमचा-आमचा, म्हणजे ग्राहकाचा. मेमरी स्वस्त होत गेली म्हणून संगणक शाळेपर्यंत आले. तंत्रज्ञान जिंकणं, ग्राहकाचा फायदा होणं आणि गुंतवणूकदाराला पैसे मिळणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातमी वाचताना आपण त्या एकच समजतो.

आणि रॅम्बसचं काय झालं? ती आजही आहे. डीडीआर ५ मेमरीच्या पट्ट्यांवर लागणाऱ्या काही चिप आता ती स्वतः विकते. ज्या डीडीआरशी लढली, तिच्यावरच आज कमावते!

हीच गोष्ट पुन्हा घडली

ही एकदाच घडलेली गोष्ट आहे असं समजू नका. जुलै २०१५ मध्ये इंटेल आणि मायक्रॉनने थ्रीडी एक्सपॉइंट नावाची नवी मेमरी जाहीर केली. त्या वेळच्या फ्लॅश मेमरीपेक्षा हजारपट वेगवान, असा दावा होता. इंटेलने ती ऑप्टेन या नावाने विकली. काम चांगलं करायची, पण पुरेशी स्वस्त झाली नाही. मार्च २०२१ मध्ये मायक्रॉनने काढता पाय घेतला. २०२२ मध्ये इंटेलनेही ऑप्टेन बंद करत असल्याचं सांगितलं आणि पडून राहिलेल्या मालापोटी ५५.९ कोटी डॉलरचा तोटा हिशोबात दाखवला.

सध्या एआयसाठी एचबीएम नावाच्या मेमरीची चर्चा आहे. तिच्यात चिप एकावर एक रचतात, इमारतीच्या मजल्यांसारख्या. रांगा एक हजाराहून जास्त! म्हणजे पुन्हा तोच रांगांचा गुणाकार. तिची मूळ स्पर्धक मायक्रॉनची हायब्रिड मेमरी क्यूब होती. तीही मागे पडली आणि मायक्रॉन स्वतःच एचबीएमकडे वळली. मायक्रॉनने २०२३ मध्ये गुजरातेत साणंदला प्रकल्प जाहीर केल्यापासून ही नावं आपल्या मराठी वर्तमानपत्रांतही येऊ लागली आहेत. त्यामुळे असे मेसेज आणखी वाढतील.

मेसेज आला तर विचारायचे चार प्रश्न

मी शेअर सल्लागार नाही, शिक्षिका आहे. अमुक घ्या, तमुक विका हे मी सांगणार नाही. पण प्रश्न विचारायला शिकवणं हे आपलं कामच आहे.

१. हे तंत्रज्ञान फक्त वेगवान आहे की ग्राहकाला परवडणारंही आहे?

२. ते बनवणार कोण? बनवणाऱ्यांना ते हवं आहे का, की त्यांच्यावर लादलं जात आहे?

३. कंपनीचं उत्पन्न माल विकून येतं की कोर्टाच्या निकालावर अवलंबून आहे?

४. शिफारस करणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे?

या चारांची उत्तरं माहीत नसतील तर मुलांच्या फीचे पैसे त्यात घालू नका. ज्यांना शेअर बाजारात राहायचंच आहे त्यांनी सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, हे तर जुनंच शहाणपण आहे.

वर्गात काय घेता येईल?

पाचवी ते सातवीच्या वर्गात पुस्तकांच्या रांगेचा खेळ जरूर घ्या. एका गटाला दोन रांगा द्या आणि भरभर पुस्तकं द्यायला सांगा. दुसऱ्या गटाला आठ रांगा द्या, पण सावकाश. एका मिनिटात कोणाची पुस्तकं जास्त पोहोचली ते मोजू द्या. आधी अंदाज लिहायला लावा, मग गुणाकार करू द्या. नंतर भाकरीच्या चित्रावरून शेअरचं विभाजन दाखवा आणि विचारा, "चार तुकडे केल्यावर भाकरी वाढली का?" मुलं हसतील आणि नाही म्हणतील. हे उत्तर घरी आई-बाबांनाही सांगायला सांगा.

लेख आवडला तर आपल्या शाळेतल्या शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत नक्की पोहोचवा. वर्गात खेळ घेतलात तर मुलांनी काय काय उत्तरं दिली तेही कळवा.